परड्याला फरशी घालण्याआधी

उरुण, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर)
दि. 24 मे

चि. बाळास,

तू मोबाईलवर धाडलेला घराचा नकाशा दोनदा मोठा करून पाहिला. सोपा पाडून हॉल, वर दोन खोल्या, जिना बाहेरून. वहिनींचे गुडघे दुखतात म्हणून त्यांची खोली खालीच, न्हाणीजवळ ठेवलीस, हे पाहून फार बरं वाटलं. दादा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. फक्त मागं, परड्याच्या जागेवर चौकटी आखून ‘पेव्हिंग ब्लॉक’ असं लिहिलंय, तिथं माझी नजर अडकून बसली. हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणतोस आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. म्हणून लिहायला बसलोय.

जागा तुझ्या वाटणीची, पैसाही तुझा. गाडी लावायला जागा हवी, पावसाळ्यात घरात चिखल येऊ नये, आठवडाभर पुण्यात राबून आल्यावर झाडलोट करत बसायला लागू नये, ही तुझी कारणं मला पटतात. तरी सगळं परडं झाकू नकोस, एवढंच माझं मागणं आहे. ते का, ते सांगतो.

34 वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. हंगाम लागला की रात्रपाळी, दिवसपाळी. गेटापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग, ट्रॅक्टरवर लावलेली गाणी, बीडकडनं आलेल्या टोळ्यांतली बायामाणसं पहाटेच्या थंडीत पाचट पेटवून शेकत बसलेली. त्या सगळ्या वर्षांत ऊस मला टनांतच दिसला. 58 व्या वर्षी घरी बसलो. पहिले सहा महिने भोंगा झाला की मी शर्ट चढवायला उठायचो आणि काकू विचारायची, ‘अहो, आता कुठं?’ मग चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायला लागलो, दुसरीकडं कुठं बसावं हे कळत नव्हतं म्हणून. तिथं मला परडं दिसलं. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तिथंच होतं.

काट्याची एक सवय मात्र कामाला आली. गाडी थांबली तरी आकडा थोडा वेळ डुलत राहतो. तो बसेपर्यंत पावती फाडायची नाही. परड्यातही असंच असतं. आपण जाऊन बसलो की पहिली दहा मिनिटं सगळे गप्प. मग आधी खार उतरते, मग साळुंक्या, आणि आपण हललो नाही तर शेवटी दयाळ कर्दळीखाली येऊन पालापाचोळा उलथायला लागतो. तुझी पिढी फार घाईत पावती फाडते, बाळ. इथं आलास की दहा मिनिटं तरी त्या पायरीवर बस. हातात मोबाईल नको.

आता तुझ्या बाजूच्या अंजिराकडं येतो. तुझ्या आजीनं लावलेला. नकाशात त्याच्या जागेवर तुझी गाडी उभी आहे. या महिन्याच्या सुरुवातीला त्यावर शिंप्यानं घर केलं. चिमणीपेक्षा लहान पाखरू, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी कायम उभी, आणि आवाज एवढा मोठा की ऐकणाऱ्याला वाटावं कोंबडीएवढा पक्षी असेल. मादीनं एक रुंद पान निवडलं आणि त्याच्या दोन्ही कडा जवळ ओढायला घेतल्या. चोचीनं कडेला बारीक भोक पाडायचं, त्यातनं कापसाचा धागा ओवायचा, पलीकडच्या कडेतनं बाहेर काढायचा आणि तो निसटू नये म्हणून टोकाशी पिंजून त्याचं बोंड करायचं. गाठ कुठंच नाही. त्या बोंडावरच सगळं पान तोललेलं. एका बाजूचे टाके मी मोजले, 9 भरले. कापूस कुठला म्हणशील, तर काकू सोप्यात वाती वळत बसते ना, तिच्या ताटलीतला. काकूला कळलं तेव्हा ती रोज थोडा कापूस दोरीवर अडकवून ठेवायला लागली.

काठीला आरसा बांधून एकदाच आत पाहिलं. तीन अंडी होती, तांबडे ठिपके असलेली. पुन्हा पाहिलं नाही, कारण सारखं डोकावलं की कावळ्याला पत्ता लागतो. बाराव्या-तेराव्या दिवशी दोघं नवरा-बायको चोचीत अळ्या धरून ये-जा करायला लागली, तेव्हा कळलं पिल्लं निघाली. त्या अळ्या आपल्या लिंबाच्या झाडावरच्या. लहानपणी त्या अळ्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. पानं कुरतडतात म्हणून काकूनं फवारायला औषध मागवलं होतं. ते अजून फळीवर तसंच आहे, झाकण उघडलेलं नाही.

औषधाचं म्हणशील तर माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली आहे, ती तुला कधी सांगितली नव्हती. नोकरीत असताना नारळाच्या आळ्यात हुमणी लागली म्हणून उसाला टाकायचं फोरेट आणलं आणि मूठभर वरच्या वर पसरलं, मातीत मिसळलंही नाही. दुसऱ्या दिवशी आळ्याशेजारी दोन साळुंक्या पाय वर करून पडलेल्या. एकीच्या चोचीत अर्धी हुमणी होती. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. पुढं 2020 च्या डिसेंबरअखेर देशात फोरेटवर बंदी आली, तेव्हा त्या दोन साळुंक्याच डोळ्यांपुढं आल्या. ज्या पाखरांनी हुमणी खाल्ली असती, तीच मी मारली. शेतात नांगरामागनं बगळे का चालतात, हे लहानपणापासून पाहत आलेला माणूस मी. तरी करून बसलो. तू असलं काही आणू नकोस. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर येतात. फांदी हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, एवढं पुरतं. उरलेले पिंगळा खातो. तो दादांनी लावलेल्या कडुलिंबाच्या ढोलीत राहतो आणि दिवे लागले की तारेवर येऊन बसतो.

आता पाण्याचा हिशेब. हा माझा प्रांत आहे, म्हणून आकड्यात सांगतो. तुझं परडं साधारण एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होतं? 10 हजार लिटर. टनांत सांगायचं तर 10 टन. बैलगाडीनं वाहायचं झालं तर चार-पाच खेपा. आणि 100 मिलिमीटर म्हणजे काही सगळा पावसाळा नव्हे, दोन-तीन चांगल्या सरींत एवढा होतो. आज ते सगळं पाणी मातीत मुरतं आणि आपल्या बोअरला त्याचा आधार होतो. ब्लॉक बसवलेस, खाली खडी-सिमेंट दाबलंस, तर ते गटारात जाईल आणि उन्हाळ्यात तू टँकर मागवशील. मी पुढच्या दाराला कोबा करून घेतला तेव्हा हा हिशेब केला नव्हता. आता मे महिन्यात रात्री दहापर्यंत त्या कोब्याची धग सोप्यात येते.

आपल्या भागाची एक गोष्ट मला सारखी बोचते. कृष्णाकाठाला पाणी आलं आणि आपण ते उसाला इतकं पाजलं, की कित्येक रानं क्षारपड होऊन बसली. वर पांढरा थर, खाली चिखल, पीक नाही. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आता लोक रानात चर काढतात, जमिनीखालनं पाइप घालतात. म्हणजे शेतात पाणी मुरून बसलं म्हणून रडायचं, आणि दारात पावसाचं चांगलं पाणी मुरूच द्यायचं नाही. जमिनीला श्वास दोन्हीकडं हवा असतो.

माती उघडी असली तर कोण कोण येतं ते बघ. चिमण्या दुपारी मातीत खळगा करून त्यात अंग घुसळतात, त्यानं त्यांच्या पिसांतली कीड जाते. कुंभारीण ओल्या मातीची गोळी उचलून नेते आणि खिडकीच्या चौकटीवर मडकं करते. पोरं ते काठीनं फोडतात, फोडू देऊ नकोस. आत ती अळी बधिर करून ठेवते, आपल्या पिल्लाच्या शिदोरीसाठी. न्हाणीचं पाणी अळवाला आणि कर्दळीला जातं, तिथं बेडूक. बेडूक आहेत म्हणून कधीतरी धामण. तिला पाहून घाबरायचं नाही, ती उंदरांवरही येते. नागपंचमीचं शिराळा आपल्यापासून किती लांब? नागपंचमीला तुझी आजी परड्यात खुरपंसुद्धा लावू द्यायची नाही.

आणि तुझी लेक. गेल्या दिवाळीत ती पुण्याहून तयार किल्ला घेऊन आली होती, रंगवलेला, हलका. दुसऱ्या दिवशी तिनं परड्यातली माती पाहिली आणि आपणहून फावडं मागितलं. चार दिवस ती आणि शेजारची पोरं चिखलानं माखलेली. बुरूज ढासळला की पुन्हा थापायचा. हळीव पेरलं होतं, भाऊबीजेपर्यंत कोंबही वर आले. त्यात तिला गांडूळ सापडलं, ते तळहातावर घेऊन ती काकूला दाखवायला धावत आली. पुढच्या दिवाळीला ती माती मागेल तेव्हा काय देशील?

परड्यामुळं माणसंही येतात. सकाळी कढीपत्त्याला कुणी, अळूच्या पानांना कुणी, शेवग्याच्या शेंगांना तर रांग. संभूआप्पा-बुवाफनच्या उरसात पाहुणे आले की शेजारणी केळीची पानं आपल्याकडनं नेतात. देणंघेणं म्हणावं असं काही नाही त्यात, पण दादा गेले तेव्हा अकरा दिवस वहिनींच्या घरचं जेवण याच बायकांनी परड्यातल्या वाटेनं आणून दिलं. नकाशात तू सात फुटी भिंत दाखवली आहेस. भिंत बांध, फक्त तिला मागं एक दार ठेव.

मला फार मोठं काही करायला सांगायचं नाही. आपल्याच जिल्ह्यात सागरेश्वरचे डोंगर एकेकाळी बोडके होते. धों. म. मोहित्यांसारख्या माणसानं ध्यास घेतला, लोक आणि सरकार मागं उभं राहिलं, आणि 1985 साली त्याचं अभयारण्य झालं. आज तिथं हरणं आहेत. तो माणूस हजार हेक्टरांचा विचार करू शकला. आपल्याला फक्त एक गुंठा सांभाळायचाय.

तेव्हा असं कर. गाडीला चाकांपुरत्या दोन दगडी पट्ट्या घाल, मधे हरळी राहू दे. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत शहाबादी फरशीची वाट कर, सांधे सिमेंटनं भरू नकोस. त्यानं घरात चिखल येणार नाही. वरच्या पत्र्याचं पाणी पन्हाळीनं कडुलिंबाच्या बुंध्याजवळच्या खड्ड्यात सोड, खड्ड्यात खाली दगड, वर खडी, त्यावर वाळू. पालापाचोळा पेटवायचा नाही, कोपऱ्यात ढीग लावायचा, त्याचं खत मी करतो. झाडं छाटायची तर दिवाळीनंतर, थंडीत. आता पावसाच्या तोंडावर सगळ्यांची घरटी असतात. झाडलोटीची काळजी सोड, मी आहे तोवर ते काम माझं. मी नसेन तेव्हा तुझं निवृत्तीचं वय जवळ आलेलं असेल.

पुण्यात मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मिळाला तर घेऊन ये. नोव्हेंबरात 5 ते 12 तारखेला पक्षी सप्ताह असतो, पाच तारीख चितमपल्लींच्या जन्माची आणि बारा सलीम अलींच्या. त्या आठवड्यात लेकीला घेऊन ये. सकाळी बह्याला जाऊ, रामलिंग बेटावर मारुतीचं दर्शन घेऊ आणि बंधाऱ्यावर खंड्या बघत बसू. ती विचारेल त्या पाखराचं गावाकडचं नाव मी सांगेन, पुस्तकातलं तू शोध.

आता तातडीचं. तुझा गवंडी 1 जूनला खोदाईला येणार, असं वहिनी म्हणाल्या. शिंप्याची पिल्लं चार दिवसांपूर्वी निघाली आहेत. उडायला अजून दहा-एक दिवस लागतील, म्हणजे 3-4 जून. गवंड्याला सांग, सुरुवात सोप्याकडनं कर, अंजिराला पाच तारखेपर्यंत हात लावू नकोस. तो ऐकेल ना? नाही ऐकला तर मी त्या पायरीवर बसून आहेच. अंजीर काढायचाच की नाही, ते तू पाच तारखेनंतर येऊन, झाडापाशी उभं राहून ठरव.

काकूनं शेवग्याच्या शेंगा आणि लिंबं बांधून ठेवली आहेत, शनिवारच्या एसटीनं पाठवतो. सूनबाईस आशीर्वाद, छोटीस गोड पापा. वहिनींचं औषध संपत आलंय, येताना आण.

तुझा,
काका