सुविचाराखाली साल लिही

मनू, जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात परिपाठ तुझ्या गळ्यात पडला, याचं मला नवल वाटलं नाही. नव्या बाईंच्या वाट्याला परिपाठ, स्नेहसंमेलन आणि पोषण आहाराची वही येतेच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, दिनविशेष हे सगळं आपोआप चालतं, अडतं ते सुविचारापाशी. तू म्हणालीस, आत्या, तुझी सुविचारांची वही असेल तर पाठव. वही आहे, पण पाठवणार नाही. तयार वाक्यांना आजकाल तोटा नाही, दर सकाळी सूर्योदयाच्या चित्रासकट ती मोबाइलवर येऊन पडतात. थोरांचं वाक्य आपल्या रोजच्या संसारात उतरवायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. तेवढं मी सांगते.

सगळ्यात आधी, वाक्य शेवटपर्यंत वाचायची सवय लाव. लोकमान्यांचं घे. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' इथपर्यंत प्रत्येक पोर ओरडतं. 1 ऑगस्टच्या भाषणात फेटा घातलेला मुलगा इथे हात वर करतो, टाळ्या पडतात आणि पुढचं टाळ्यांत बुडून जातं. खरं काम तर पुढेच आहे: 'आणि तो मी मिळवणारच.' पहिल्या अर्ध्यात मागणी आहे, दुसऱ्यात स्वतःच्या अंगावर घेतलेली जबाबदारी. हे वाक्य 1916 च्या आसपास, होमरूलच्या दिवसांत गाजलं. त्याआधी काय झालं होतं ते मुलांना सांग. 1908 साली केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला, सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग. तिथे असतानाच 1912 मध्ये इकडे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. 1914 ला माणूस सुटून आला तो मधुमेहानं खंगलेला. आणि पुन्हा भाषणं सुरू! साठीचा सत्कार झाला त्याच दिवसांत सरकारनं बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. त्या वेळी त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. 'मिळवणारच' या शब्दामागे इतकं सगळं उभं आहे. म्हणून म्हणते, फळ्यावर वाक्य लिहिलंस की खाली साल लिही. साल लिहिलं की मुलं आपणहून विचारतात, तेव्हा काय झालं होतं? तिथून पुढे शिकवायचं.

आता याचं रोजच्या जगण्यात काय? पुष्कळ आहे. तहसीलला दाखल्यासाठी गेलेल्या माणसाला 'उद्या या' म्हटलं की तो चहा पिऊन परत येतो आणि घरी येऊन सरकारला शिव्या देतो. त्याचं वाक्य पहिल्या अर्ध्यावर थांबलेलं असतं. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे, आणि नाही दिला तर अपील करता येतं. पण त्यासाठी अर्ज लेखी दिलेला हवा आणि त्याची पोच हातात हवी. पोच घेतल्याशिवाय कुठल्याही खिडकीवरून हलू नये, हा मी लोकमान्यांच्या वाक्यातून काढलेला अर्थ आहे. विद्वानांना तो फार छोटा वाटेल. वाटू दे.

तसंच पालकसभेत आयांना सांग. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हक्क आपल्या राज्यानं 1994 लाच दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. हक्क कागदावर आहे, तरी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्र पुढे येतं आणि बहीण न वाचता सही करते. सोडायचा तर खुशाल सोडावा, तिची मर्जी. पण वाचून सोडावा.

दुसरी गोष्ट. ज्या वाक्यातून उद्या सकाळी करायचं काम निघत नाही, ते कितीही सुंदर असलं तरी बाजूला ठेव. 'जीवन म्हणजे एक प्रवास आहे' असली वाक्यं मी फळ्यावर कधी येऊ दिली नाहीत. आहे प्रवास, मग? पोरानं त्याचं काय करायचं? या बाबतीत माझे गुरू म्हणजे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा डेबूजी, अक्षरओळख नावालाच, पण त्यांच्याएवढं कामाचं बोलणारा दुसरा माणूस मला सापडलेला नाही. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. कीर्तनातही ते सांगण्यापेक्षा विचारत जास्त. वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचा आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. तुला शिकवायच्या पद्धतीवर बीएडला जे काही सांगितलं असेल त्यात हे असलंच पाहिजे, नसेल तर आता घे. ताट नसलं तर भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरगं शाळेत घाला; कर्ज काढून लग्नाच्या पंगती उठवू नका; देवाला बकरं कापू नका. यातल्या एकाही गोष्टीसाठी वेगळा अर्थ लावत बसावं लागत नाही. ऐकणाऱ्याला घरी जाता जाताच कळायचं की आपल्याला काय सोडायचंय.

त्यांच्या नावानं जी दशसूत्री भिंतींवर रंगवलेली असते ती एकदा नीट बघ. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या पोरांना शिक्षण, बेघराला आसरा, आजाऱ्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावराला अभय, गरिबांच्या मुलामुलींची लग्नं, आणि अगदी शेवटी दुःखी, निराश माणसाला हिंमत. हिंमत शेवटी येते! आपण नेमकं उलटं करतो. भाकरीच्या जागी हिंमत देतो, कारण ती फुकट असते. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. लांबून आलेल्या माणसाला मुंबईत पाठ टेकायला जागा मिळाली की धीर तिथूनच सुरू होतो.

यातूनच एक कडक सूचना. थोरांचं वाक्य दुसऱ्याच्या अंगावर फेकू नकोस. कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर 'जन्माला आला तो जाणारच' हे त्या घरातल्या बाईला तू सांगायची गरज नाही, तिला ते तुझ्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. त्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात जातो, ही आपली रीत ज्यानं घातली तो कुठल्याही वक्त्यापेक्षा शहाणा होता. नापास झालेल्या मुलालाही तेच. त्याला एडिसनचे हजार प्रयोग ऐकवण्याआधी त्याची उत्तरपत्रिका घेऊन शेजारी बस. गणित कुठे चुकलं ते दिसलं की त्याचं तोंड आपसूक वर होतं.

आता नावाचं बघू. मोबाइलवरच्या वाक्यांखाली जी नावं असतात त्यांवर विश्वास ठेवू नकोस. आपल्याकडे कुठलंही जरा ठसकेबाज वाक्य आलं की खाली वपु, पुल किंवा नाना पाटेकर यांपैकी कुणीतरी असतंच. गांधीजींच्या नावावरचं, जगात हवा तो बदल स्वतःत घडवा हे वाक्यही त्या शब्दांत त्यांच्या लिखाणात सापडत नाही. आशय मात्र त्यांचाच, 1913 च्या त्यांच्या एका लेखात तो विस्तारानं आलेला आहे. उलट, ज्याचं नाव असायला हवं त्याचं नसतं. रोज सकाळी तुझी पोरं जी प्रतिज्ञा म्हणतात ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली तेलुगूत लिहिली. विशाखापट्टणमला ते जिल्हा कोषागारात अधिकारी होते. कोट्यवधी मुलांच्या तोंडी रोज ज्यांचे शब्द आहेत, त्यांचं नाव किती शिक्षकांना ठाऊक आहे, विचार तुझ्या शिक्षकखोलीत. गंमत येईल.

म्हणून माझी रीत अशी, की आधी नाव झाकून वाक्य वाचायचं. बिननावाचं असूनही ते उभं राहिलं तर ठेवायचं. चक्रवाढ व्याज हे जगातलं आठवं आश्चर्य, असं आइन्स्टाइन म्हणाल्याचं विमावाले आणि फंडवाले सांगत येतात. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. पण नाव काढून टाकलं तरी हिशेब खरा आहे, आणि हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. 72 ला व्याजाच्या दरानं भाग दे, पैसे साधारण किती काळात दुप्पट होतात ते कळतं. 8 टक्क्यांनी 9 वर्षं. आता हाच हिशेब सावकाराकडून मांड, फंडवाला हे सांगत नाही. गावात हातउसने म्हणून शेकडा तीन रुपये महिना दरानं पैसे देतात. ऐकायला तीन किती किरकोळ वाटतात! व्याज थकत गेलं तर 24 महिन्यांत कर्ज दुप्पट. सातवीतल्या मुलीला हे एकदा जमलं की ती घरी जाऊन बापाला विचारते. तिनं विचारावं यासाठीच शिकवायचं.

म्हणींचंही असंच जपून. प्रत्येक म्हणीला तिची उलट म्हण असते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. 'प्रयत्नांती परमेश्वर' आहे आणि 'अति तेथे माती'ही आहे. 'थेंबे थेंबे तळे साचे' आहे, तसं 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' हेही आहे. मग खरी कोणती? दोन्ही. प्रश्न आहे तो कुणी कोणती घ्यायची याचा, आणि इथे माणूस हमखास लबाडी करतो. आपल्या खोडीला सोयीची म्हण तो पाठ करतो. चिकट माणसाच्या तोंडी थेंबे थेंबे, आळशाच्या तोंडी 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी'. औषध तसं गोड असत नाही. जी म्हण ऐकताना आपण जरा चिडतो, ती आपली. मुलांना एकदा वहीत लिहायला सांग, घरातलं कुणी कोणती म्हण सारखी म्हणतं. वह्या वाचताना हसू आवरणार नाही, पण वर्गात मोठ्यानं वाचू नकोस. घराघरांतली भांडणं असतात त्यात.

आणखी एक, हे तुझ्यासाठी आहे, मुलांसाठी नाही. जे फळ्यावर लिहिशील ते आधी आपल्या घरी करून बघ. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा 1965 ची, पण त्याच काळात लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. पाकिस्तानशी युद्ध, अन्नाची टंचाई, गव्हासाठी अमेरिकेच्या तोंडाकडे बघायची वेळ. देशाला सांगण्याआधी त्यांनी एका संध्याकाळी स्वतःच्या घरी चूल पेटू दिली नाही. पोरं एक वेळ उपाशी राहू शकतात की नाही ते पाहिलं आणि मगच आवाहन केलं. त्यांच्या मुलानं ही हकिकत सांगितलेली आहे. लोकांनी ऐकलं, खाणावळीसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागल्या. तू 'वाचाल तर वाचाल' लिहिणार असशील तर तुझ्या पिशवीत पुस्तक असलं पाहिजे. 'वेळेचं महत्त्व' लिहिणार असशील तर पावणेदहाची एसटी चुकता कामा नये. पोरं बोलत नाहीत, पण बघत असतात.

आणि रोज नवा सुविचार हवा, असं मुख्याध्यापक म्हणतील. त्यांना नम्रपणे सांग की आठवडाभर एकच ठेवते. सोमवारी वाक्य आणि साल, मंगळवारी त्यामागची गोष्ट, बुधवारी त्यातून निघणारं काम, आणि शनिवारी ज्यांनी ते काम केलं त्यांनी उभं राहून सांगायचं. कुणीच उभं राहिलं नाही, तर पुढच्या सोमवारी तेच वाक्य पुन्हा लिही.