आकाशातली वाट, घड्याळाचा हिशेब

पुण्याहून नागपूर किती लांब? याची उत्तरे तीन आहेत.

सडकेने गेलात तर ७०० किलोमीटरांहून अधिक. रेल्वेने सुमारे ८९० किलोमीटर. कारण दौंडहून रेल्वे आधी उत्तरेला मनमाडला जाते. मग भुसावळ, बडनेरा, वर्धा करीत पूर्वेकडे वळते. आता नकाशावर पुणे ते नागपूर दोरा ताणून धरा. हे सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर भरते. विमानाला डोंगर, नदी आडवी येत नाही. म्हणून त्याची वाट जवळची.

रेल्वेला गाडीप्रमाणे १२ ते १६ तास लागतात. वर गेलेले विमान तासाला सुमारे ८०० किलोमीटर जाते. या वेगाने ६०० किलोमीटरांना पाऊण तास पुरे. मग तिकिटावर सुमारे दीड तास का लिहितात?

विमान जागेवरून हलते, धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते. पुढे दुसरे विमान असेल तर थांबते. वर चढताना आणि खाली येताना त्याचा वेग कमी असतो. उतरल्यावर पुन्हा हळूहळू जागेवर येऊन उभे राहते. हा सगळा वेळ तिकिटावर धरलेला असतो.

पण घरापासूनचा वेळ तिकिटावर नसतो!

समजा, सासवडच्या आत्याबाईंची नागपूरच्या कोर्टात ११ वाजता साक्ष आहे. जमिनीचा दावा आहे. साक्ष चुकली तर नुकसान व्हायचे. विमान पुण्याहून सकाळी ६.३० ला सुटते.

भाचा म्हणाला, "आत्या, आपण पाचला निघू. विमान साडेसहाला तर आहे."

आत्या म्हणाली, "थांब बाळा. आधी हिशेब मांड."

दोघांनी उलटा हिशेब मांडला. सामान घेण्याची खिडकी विमान सुटण्याच्या एक तास आधी, म्हणजे ५.३० ला बंद होते. ओळखपत्र दाखवायचे, रांगेत उभे राहायचे. म्हणून ४.३० ला लोहगाव विमानतळावर पोचावे. दिवे घाट उतरून, शहर ओलांडून जायला दीड तास धरावा. म्हणजे घर सोडायचे पहाटे ३ ला! त्या वेळी एस.टी. मिळेलच असे नाही. गाडी आदल्या दिवशीच ठरवावी.

नागपूरला विमान ८ वाजता पोचेल. सामान घ्यायला अर्धा तास. कोर्टापर्यंत अर्धा तास. म्हणजे ९ वाजले. विमानाला उशीर झाला, तरी दोन तास हाताशी राहतात.

भाचा म्हणाला, "म्हणजे उडायचे दीड तास, आणि प्रवास सहा तासांचा!"

"तेच तर," आत्या म्हणाली. "पाचला निघालो असतो, तर विमान आपल्याला टाकून गेले असते."

ध्यानात ठेवा : तिकीट विमानाचा वेळ सांगते. आपला वेळ आपणच मोजायचा, आणि तो शेवटाकडून मागे मोजायचा.

करून पाहा
१. रेल्वेची वाट सरळ अंतरापेक्षा किती किलोमीटर जास्त आहे?
२. विमान सकाळी १० ला आहे. तुमच्या गावाहून विमानतळाला दोन तास लागतात. खिडकी बंद होण्याच्या एक तास आधी पोचायचे, तर घरून किती वाजता निघाल?