थांबलेला घाणा : यहुदी विचारातील प्रयत्न आणि भरवसा

१

माणसाच्या कामाला यश येते ते त्याच्या प्रयत्नामुळे की ईश्वराच्या इच्छेमुळे, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी आपापल्या परिभाषेत विचारलेला आहे. मराठी वाचकाला तो दैव आणि प्रयत्न या जोडीच्या रूपाने परिचित आहे. योगवासिष्ठाने केलेला पौरुषाचा पुरस्कार, समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त यत्नाला दिलेले महत्त्व आणि दुसऱ्या बाजूस प्रारब्धभोगाची सर्वत्र आढळणारी भाषा, या साऱ्या चर्चेचा रोख दोन शक्तींपैकी प्रबळ कोणती हे ठरविण्याकडे असतो.

यहुदी विचारात या प्रश्नाची मांडणी निराळी आहे. तेथे माणसाने करावयाच्या खटपटीला 'हिश्तदलुत' आणि ईश्वरावर टाकलेल्या भरवशाला 'बिटाहोन' अशा संज्ञा आहेत. फल देणारा ईश्वरच, याविषयी या परंपरेत वाद नाही. वाद आहे तो त्यापुढचा. फल त्याच्या हाती असेल तर माणसाने हातपाय किती हलवावेत, आणि कोठे थांबावे? ग्रंथकारांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे आणि कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल समाजाच्या आचारातून वाचता येणारे उत्तर, यांचा परस्परसंबंध पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

तालमूदच्या 'बेराखोथ' या ग्रंथात रब्बी इश्माएल आणि रब्बी शिमओन बार योहाय यांचा एक प्रसिद्ध मतभेद नोंदलेला आहे. धर्मग्रंथाचे अध्ययन अखंड चालावे अशी एक आज्ञा, आणि धान्याची कापणी करून ते घरात आणावे असे दुसरे वचन. या दोहोंची संगती कशी लावावयाची? इश्माएल यांच्या मते अध्ययनाबरोबर जगरहाटीही पाळावयास हवी. शिमओन यांना ते मान्य नाही. नांगरणीच्या दिवसांत नांगरणी, पेरणीच्या दिवसांत पेरणी आणि मळणीच्या दिवसांत मळणी करीत बसल्यास अध्ययन व्हावयाचे केव्हा, असा त्यांचा प्रश्न आहे. लोक ईश्वरी इच्छेप्रमाणे वागले तर त्यांची कामे इतरांकडून आपोआप पार पडतील, असे ते म्हणतात. या वादावर पुढील काळातील अबाये यांनी दिलेला अभिप्राय तात्त्विक नसून अनुभवाचा आहे. इश्माएल यांच्या मार्गाने पुष्कळजण गेले व त्यांचे निभावले. शिमओन यांच्या मार्गानेही पुष्कळजण गेले, पण त्यांना ते साधले नाही. राबा यांनी तर आपल्या शिष्यांना वसंतातील निसान आणि शरदातील तिश्री या दोन महिन्यांत आपल्याकडे येऊच नका असे बजावले. शेतीची कामे त्या दिवसांत उरकली म्हणजे उरलेले वर्ष अन्नाच्या काळजीत जाणार नाही, हा त्यामागचा विचार.

प्रयत्न आवश्यक ठरला तरी तो अमर्याद नसावा, याचेही दाखले परंपरेत आहेत. तुरुंगात पडलेल्या योसेफाने राजाच्या प्यालेबरदाराला आपली आठवण ठेवण्याची विनंती केली. मिद्राशकारांनी ही विनंती त्याचा दोष मानली आणि तिच्यापायी त्याचा कारावास दोन वर्षांनी लांबला असे म्हटले. उलट, भाऊ एसाव चालून येत असता याकोबाने भेटी पाठविल्या, प्रार्थना केली आणि लढाईचीही तयारी ठेवली. त्याबद्दल भाष्यकार त्याला दोष देत नाहीत. दोघांनीही खटपटच केली असता एक सदोष आणि दुसरी निर्दोष का? योसेफासारख्या पुरुषाने मनाचा भार माणसावर टाकावयास नको होता, हे त्याचे एक उत्तर. म्हणजे प्रश्न खटपटीच्या मापापेक्षा मनाच्या आधाराचा अधिक आहे.

अकराव्या शतकात स्पेनमध्ये बह्या इब्न पाकुदा यांनी अरबी भाषेत लिहिलेल्या आणि पुढे 'होवोथ हालेवावोथ' या नावाने हिब्रूत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे चौथे प्रकरण सबंध भरवशालाच वाहिलेले आहे. माणसाने आपल्या प्रकृतीला मानवेल असा व्यवसाय करावा. तो आज्ञा म्हणून करावा, मात्र अन्न त्या व्यवसायातूनच येते असे मानू नये, अशी त्यांची भूमिका. १७४० मध्ये आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या 'मेसिलाथ येशारीम'मध्ये मोशे हाईम लुझातो यांनी खटपटीला कराची उपमा दिली. मनुष्यजातीवर बसविलेला हा सारा प्रत्येकाने भरावयाचा. पण एकदा भरल्यावर पुन:पुन्हा भरीत राहण्याचे कारण नाही.

वैद्यकाच्या प्रश्नावर हा मतभेद अधिक तीव्र होतो, कारण तेथे प्राणच पणाला लागलेला असतो. रामबान, म्हणजे मोशे बेन नाहमान यांच्या मते पूर्णत्वास पोचलेल्या ईश्वरनिष्ठ समाजाला वैद्याची गरजच पडू नये. त्यांच्या आधीचे मोशे बेन मैमोन स्वत: वैद्य होते. भुकेलेल्याने भाकरी खाल्ली म्हणून त्याने भरवसा सोडला असे कोणी म्हणत नाही. मग औषध घेणाऱ्यालाच तसे का म्हणावे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. १९५४ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अव्राहाम येशाया कारेलिट्झ यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला. सर्व काही आपल्या मनासारखे होईल अशी खात्री म्हणजे भरवसा नव्हे. जे घडते ते आंधळ्या योगायोगाने घडत नाही ही जाणीव म्हणजे भरवसा.

३

या साऱ्या मतांमध्ये एक अडचण शिल्लक राहते. 'पुरेसा प्रयत्न' म्हणजे किती, हे कोणी ठरवावयाचे? साधकाने प्रत्येक वेळी स्वत:च्या मनाची परीक्षा घ्यावी म्हटले तर ती कधीच संपणारी नाही. परंपरेने या अडचणीतून काढलेली वाट ग्रंथातील सिद्धांतापेक्षा पंचांगात अधिक स्पष्ट दिसते.

मिसर देशातून बाहेर पडलेल्या इस्राएल लोकांना रानात 'मान्ना' नावाचे अन्न मिळत असे, ही कथा निर्गमाच्या पुस्तकात आहे. अन्न आकाशातून येई, तरी ते वेचण्याचे श्रम माणसालाच करावे लागत. दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवले की त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचावयाचे, आणि ते नासत नसे. सातव्या दिवशीही काहीजण वेचण्यासाठी बाहेर पडले. त्यांना काही मिळाले नाही. या कथेत प्रयत्न आणि भरवसा यांची निम्मीनिम्मी वाटणी केलेली नाही. सहा दिवस प्रयत्न पूर्ण आहे आणि सातव्या दिवशी तो पूर्णपणे थांबलेला आहे. शब्बाथ म्हणजे केवळ विश्रांती नव्हे. आपल्या श्रमावाचून जग एक दिवस चालते, हे आठवड्यातून एकदा कृतीने मान्य करणे हा त्याचा अर्थ आहे. ही मान्यता दिली की उरलेल्या सहा दिवसांच्या श्रमाचाही अर्थ बदलतो.

४

हा अर्थ मराठी मुलखात कसा वावरला हे पाहण्यासाठी पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याकडे वळावे लागते. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. त्या घटनेचा काळ अनिश्चित आहे. दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे मात्र गावोगावच्या वस्तीची साक्ष देतात. तेल गाळणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता, आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्याच परिसरात सोमवारी घाणा न चालविणारे हिंदू तेली होते. ते 'सोमवार तेली'. एकाने शिवाच्या वारी बैल सोडावा, दुसऱ्याने शब्बाथाला. शेजाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच समजण्याजोग्या होत्या. बैलाची विश्रांती हा येथे गौण तपशील नाही. शब्बाथाच्या आज्ञेत जनावरांचाही समावेश आहे.

या समाजाजवळ दीर्घकाळपर्यंत तालमूद नव्हता आणि बह्याही नव्हते. 'शमा' ही एकेश्वराची घोषणा, सुंता, आहाराचे काही नियम आणि शब्बाथ एवढा ठेवा त्यांनी जपला. हिब्रू विद्येशी संबंध जुळला तो पुढे. कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह 'हग्गादा' शिळाछापावर निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. आणि १८८० च्या सुमारास या समाजाची कीर्तने सुरू झाली. म्हणजे येथे आचार आधी आहे आणि ग्रंथ नंतर.

कोकणातल्या तेल्याच्या मनात 'बिटाहोन'चा सिद्धांत होता असे यावरून सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. परंतु आठवड्यातील एका दिवसाच्या मिळकतीवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी सोडणे, आणि तेही आज्ञेचे कारण सांगणारा रब्बी जवळ नसताना, ही कृती स्वत:च एक विधान आहे. बह्यांनी जे युक्तिवादाने सांगितले ते थांबलेल्या घाण्याने सांगितले.

मराठी संतपरंपरेशी तुलना केली असता या विधानाचे वेगळेपण अधिक ध्यानात येते. जनाबाईसंबंधीच्या परंपरेत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो; सावता माळ्याला तो मळ्यातच भेटतो. तेथे ईश्वर श्रमात सहभागी होऊन भक्ताचा भार हलका करतो. शनिवार तेल्याचा ईश्वर घाण्याला हात लावीत नाही. तो घाणा थांबवावयास सांगतो. एका परंपरेत भरवशाचा अनुभव कामाच्या आत येतो, दुसऱ्या परंपरेत कामाच्या सीमेवर.

५

दोन्ही परंपरा एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात त्या नवसापाशी. बेने इस्राएलांमध्ये एलियाहू हान्नबीच्या नावाने 'मलिदा' करण्याची प्रथा आहे. भिजविलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट मांडून प्रार्थना व गीते म्हटली जातात. लग्न, नवे घर, प्रवास किंवा फेडावयाचा नवस असे त्याचे निमित्त असते. अलिबागजवळच्या खंडाळे येथे एलियाहूच्या रथाच्या खुणा असल्याची श्रद्धा असून तेथेही लोक जातात. रब्बींची परंपरा नवसाकडे सावधपणे पाहते, कारण नवसात ईश्वराशी सौदा करण्याचा धोका असतो. तथापि नवस बोलणे आणि मलिदा करणे यांच्यामध्ये जो काळ जातो तो हातावर हात ठेवून बसण्याचा नसतो. मलिद्यात आभार मानावयाचे असतात ते त्या काळातील श्रमाचे श्रेय स्वत:कडे न घेता.

सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांची कथा याच घाटाची आहे. मुंबईच्या लष्करातील हा अधिकारी इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडला. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा त्याने संकल्प केला होता, असे समाजाची परंपरा सांगते. १७९६ मध्ये मुंबईत उभे राहिलेले 'शाअर हारहमीम', दयेचे द्वार, हे त्या संकल्पाचे फल. सुटका ईश्वराची मानली गेली. चुना आणि दगड माणसालाच आणावे लागले.

६

या विचाराची खरी कसोटी विसाव्या शतकात लागली. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक क्रमाक्रमाने इस्राएलमध्ये गेले. जेथे शब्बाथ पाळणे ही विशेष गोष्ट राहणार नव्हती, त्याच भूमीवर त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेण्यात आली. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश दिले. ज्या शनिवारामुळे कोकणात त्यांची ओळख टिकली, तो येथे पुरावा म्हणून पुरेसा मानला गेला नाही.

ईश्वरावर भरवसा ठेवून वाट पाहणे हा एक मार्ग होता. समाजाने तेवढ्यावर भागविले नाही. निवेदने दिली गेली, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन आंदोलन करण्यात आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे घोषित केले. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून या समाजाचा नावाने केलेला उल्लेख काढून टाकला. हे आंदोलन भरवशाच्या अभावाचे लक्षण होते काय? इश्माएल यांच्या पक्षाने पाहिल्यास तसे म्हणता येत नाही. जेथे नांगरावयाचे तेथे नांगरलेच पाहिजे.

७

यहुदी विचारात प्रयत्न आणि भरवसा यांचा समतोल तराजूसारखा नाही. एक पारडे वर गेले की दुसरे खाली यावे असा हिशेब त्यात नाही. सहा दिवस हात पूर्ण चालवावयाचे आणि सातव्या दिवशी ते पूर्ण थांबवावयाचे, हे त्याचे रूप. ग्रंथांनी या रूपाची मीमांसा केली. मराठी बोलणाऱ्या तेल्यांनी, त्या मीमांसेपासून दूर असताना, ते पाळले. साहित्याच्या अभ्यासकाने संहितेबरोबर आचारही वाचावा, असे अनेकदा म्हटले जाते. या समाजाच्या बाबतीत तसे वाचल्यावाचून गत्यंतर नाही. त्यांच्या जुन्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण शब्द त्यांनी स्वत: लिहिलेला नाही. तो शेजाऱ्यांनी त्यांना दिलेल्या नावात आहे, आणि तो एका वाराचा आहे.