बाळाची कावीळ उजेडात बघा, उन्हात नको

नैसर्गिक बाळंतपण झालेली बाई बहुतेकदा दोन-तीन दिवसांत घरी जाते. बाळाची कावीळ मात्र तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त चढते. म्हणजे ती ओळखायची घरच्यांनीच, आणि आपल्याकडे बाळंतिणीची खोली दारं-खिडक्या लावून अंधारी ठेवलेली! तिथे पिवळेपणा दिसणार कसा? बाळाला रोज खिडकीशी आणा. नाकाच्या शेंड्यावर, मग छातीवर, पोटावर बोटाने हलकेच दाबून सोडा. दाबलेली जागा पिवळी दिसली तर कावीळ आहे. सावळ्या बाळाचे डोळे आणि हिरड्याही बघा.

शंभरातल्या साधारण 60 बाळांना ती होते. जन्मानंतर जादा तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि कोवळ्या यकृताला ते पटापट बाहेर टाकता येत नाही. यात आईच्या खाण्याचा दोष नाही, तिचे जेवण तोडू नका. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पाजा, बिलिरुबिन शीवाटे निघून जाते. पाणी, मध, गुटी काही नको. आणि बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या तांबड्या पेशी त्याने झपाट्याने फुटतात.

उन्हाचे काय? इंग्लंडमधल्या रॉशफर्डच्या रुग्णालयात परिचारिका जीन वॉर्ड यांना उन्हात ठेवलेल्या बाळाचा पिवळेपणा उतरलेला दिसला, त्यातूनच 1958 मध्ये निळ्या प्रकाशाचा उपचार पुढे आला. पण त्या दिव्याची मात्रा मोजता येते, उन्हाची नाही. सोलापूरच्या उन्हात उघडे बाळ तापते, सुकते, आणि दवाखान्यात जायचे दोन दिवस वाया जातात.

पहिल्या 24 तासांत आलेली कावीळ, पिवळे तळहात-तळपाय, पेंगणारे, दूध न ओढणारे किंवा कर्कश रडणारे बाळ यांत सकाळची वाट बघू नका. बिलिरुबिन मेंदूत शिरले तर बहिरेपण आणि मेंदूची इजा कायमची राहते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह किंवा ओ असेल तर आधीपासूनच सावध राहा. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली आणि शी पांढरट झाली, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झालेली बरी.

काविळीची माळ घालण्यात वेळ घालवू नका आणि पोटावर डाग तर मुळीच देऊ नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात. आशाताई घरी येतील तेव्हा बाळ उघडे करून दाखवा, आणि शंका वाटली तर त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचा बालरोगतज्ज्ञ गाठा.