दारावरची खूण

मुलांनो, अलीबाबाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एका चोराने अलीबाबाच्या दारावर खडूने पांढरी खूण केली. रात्री साथीदारांना घेऊन यायचे आणि ती खूण पाहून घर ओळखायचे, असा त्याचा बेत होता. पण मरजीना हुशार होती. तिने ती खूण पाहिली. तिने ती पुसली नाही. तिने खडू घेतला आणि शेजारच्या घरांच्या दारांवरही तशीच खूण केली. रात्री चोर आले. पाहतात तो काय! जिकडे तिकडे तीच खूण! यातले अलीबाबाचे घर कोणते? चोर हात हलवत परत गेले.

मरजीनाने एकही घर हलवले नव्हते. घरे होती तिथेच होती. तरीही चोरांना अलीबाबाचे घर सापडले नाही. खूण वेगळी असते, तोपर्यंतच ती उपयोगी असते. सगळीकडे सारखीच खूण झाली, की ती असून नसल्यासारखी होते.

खुणेचे असे महत्त्व आपण रोज पाहतो. भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. 1951 च्या जनगणनेप्रमाणे तेव्हा शंभरांपैकी सुमारे अठरा लोकांनाच लिहितावाचता येत होते. मग मतदारांनी उमेदवार कसा ओळखायचा? त्यासाठी चित्रे ठरवली गेली. उमेदवारांच्या मतपेट्या वेगवेगळ्या ठेवल्या आणि प्रत्येक पेटीवर त्याचे चित्र लावले. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही आपले मत देता आले.

मुंबईचे डबेवालेही खुणांवरच काम करतात. डब्याच्या झाकणावर रंगाने थोडी अक्षरे आणि आकडे काढलेले असतात. त्यावरून डबा कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत न्यायचा आणि कितव्या मजल्यावर द्यायचा, ते डबेवाल्याला कळते. पूर्ण पत्ता लिहावा लागत नाही.

आता आपल्या घरातल्या स्मार्टफोनकडे पाहा. फोन सुरू केला की समोर पडदा दिसतो. 'पडदा' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतला 'परदा' आणि मराठीतला 'पडदा' हे एकाच घरचे शब्द आहेत. या मुख्य पडद्याला 'होम स्क्रीन' म्हणतात. त्यावर लहान लहान रंगीत चित्रे असतात. त्यांना 'आयकॉन' म्हणतात. फोन लावणे, फोटो काढणे, हिशेब करणे अशा प्रत्येक कामासाठी एक ॲप असते. आयकॉन म्हणजे त्या ॲपच्या दारावरची खूण. खुणेवर बोट ठेवले की दार उघडते.

अशी चित्रे काढणे सोपे नसते. 1984 साली मॅकिंटॉश नावाचा संगणक बाजारात आला. त्याची चित्रे सुझन केअर या चित्रकर्तीने काढली होती. एका चित्रासाठी तिच्याकडे उभे 32 आणि आडवे 32 असे चौकोन होते. म्हणजे सारे मिळून 1024 चौकोन. कोणता चौकोन काळा करायचा आणि कोणता पांढरा ठेवायचा, हे ती आलेखाच्या वहीत ठरवत असे. तुमच्या अम्मी किंवा खाला चौकटीच्या कापडावर टाके मोजून कशिदा काढत असतील, तर ही रीत तुम्हांला लगेच समजेल.

आता एक प्रसंग वाचा.

धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात जळकोट नावाचे गाव आहे. सोलापूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावाजवळून जातो. समजा, या गावात आठवीत शिकणारी एक मुलगी राहते. तिच्या घरी दादी आहे. मुलीचे चाचा मालट्रक चालवतात. आज सोलापूर, तर उद्या हैदराबाद, असे त्यांचे चालते. रोज रात्री नमाज झाली की दादी त्यांना फोन करते. चाचा कुठे पोहोचले, जेवले की नाही, हे ऐकल्याशिवाय तिला झोप येत नाही.

एके दिवशी त्या मुलीने मैत्रिणीचा फोन पाहिला. त्यावरची सगळी चित्रे एकाच फिकट जांभळ्या रंगाची होती. तिला ते फार आवडले. घरी आल्यावर तिने दादीचा फोन घेतला. पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरले. वॉलपेपर बदलण्याची यादी उघडली. त्यात आयकॉन एका रंगाचे करण्याची सोय होती. तिने ती सुरू केली. मग चित्रांच्या जागाही बदलल्या. पडदा सुरेख दिसू लागला. 'दादी किती खूश होईल!' असे तिला वाटले.

रात्री दादीने फोन हातात घेतला. नेहमीच्या जागी बोट ठेवले, तर कॅमेरा उघडला. शेजारच्या चित्रावर ठेवले, तर आकडे आले. दादी घाबरली. आपल्याच हातून फोन बिघडला, असे तिला वाटले. तिने तो बंद केला आणि कपाटात ठेवून दिला.

मध्यरात्री अब्बांचा फोन वाजला. पलीकडून चाचा बोलत होते. "भाईजान, अम्मीची तबियत बरी आहे ना? आज तिचा फोन आला नाही. मी लावला, तर बंद लागतो. मी गाडी बाजूला घेऊन थांबलो आहे."

घरातले सगळे जागे झाले. दादी ठीक होती. सर्वांचा जीव भांड्यात पडला. सकाळी मुलगी दादीजवळ बसली आणि म्हणाली, "दादी, फोन बिघडला नाही. मी फक्त चित्रे बदलली. पण प्रत्येक चित्राखाली नाव लिहिलेले आहे. तुम्ही ते पाहिले नाही का?"

दादी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बेटी, मला वाचता कुठे येते? मी रंग ओळखते आणि जागा ओळखते."

मुलगी खाली पाहू लागली. दादी कागदावर अंगठा लावते, हे तिला लहानपणापासून माहीत होते. पण दादी फोन कशी वापरते, हा विचार तिने कधी केलाच नव्हता. मरजीनाने चोरांना चकवले होते. इथे मात्र दादीच चकली होती!

मग दोघींनी मिळून पडदा पुन्हा मांडला. मुलगी विचारत गेली आणि दादी सांगत गेली. त्यांनी काय काय केले, ते नीट वाचा. तुम्हांलाही तसे करता येईल.

पहिल्यांदा मुलीने एकरंगी चित्रांची सोय बंद केली. चित्रांना त्यांचे मूळचे रंग परत मिळाले.

मग तिने चित्रांच्या जागा नीट केल्या. चित्रावर बोट दाबून धरले की ते उचलता येते आणि सरकवता येते. एक चित्र दुसऱ्यावर ठेवले, तर दोन्ही एका घडीत जातात. तशी घडी दादीला नको होती. जे डोळ्यांसमोर नाही, ते तिच्यासाठी नाहीच. फोन लावायचे चित्र दादीने खालच्या ओळीत उजवीकडे ठेवायला सांगितले. तिथे तिचा अंगठा सहज पोहोचत होता.

दादीला न लागणारी चित्रे मुलीने पडद्यावरून काढली. बहुतेक अँड्रॉइड फोनांत पडद्यावरचे चित्र काढले, तरी ॲप फोनमध्येच राहते आणि सर्व ॲपच्या यादीत सापडते. मात्र तिथे 'काढा' आणि 'अनइंस्टॉल करा' असे दोन वेगळे शब्द दिसतात. पहिल्याने फक्त खूण जाते. दुसऱ्याने सगळे घरच जाते. म्हणून वाचल्याशिवाय बोट ठेवू नये.

शेवटी तिने सर्वांत उपयोगाचे काम केले. अनेक फोनांत एखाद्या माणसाचा नंबर थेट पडद्यावर ठेवता येतो. विजेटच्या यादीत त्याची सोय असते. त्या माणसाच्या नावाला जो फोटो लावला असेल, तोच पडद्यावर दिसतो. मुलीने चाचांचा फोटो लावला. अब्बांचा लावला. गावातल्या डॉक्टरांच्या नावाला स्टेथोस्कोपचे चित्र लावले. आता चाचांच्या चेहऱ्यावर बोट ठेवले की फोन थेट चाचांनाच लागतो! काही फोनांत पडद्याची मांडणी कुलूपबंद करता येते. त्या फोनात ती सोय होती. मुलीने ती सुरू केली. आता चुकून बोट लागले, तरी चित्रे हलणार नव्हती.

तुम्ही विचाराल, 'ॲपचे चित्रच बदलून आपल्या आवडीचे लावता येते का?' हे फोनवर अवलंबून असते. काही कंपन्यांच्या फोनांत थीम बदलली की चित्रेही बदलतात. साध्या अँड्रॉइड फोनच्या मूळ पडद्यावर मात्र ॲपचे चित्र ॲप बनवणाराच ठरवतो. 2017 साली अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून फोनला त्या चित्राची कड गोल किंवा चौकोनी कापता येऊ लागली. 2022 साली तेराव्या आवृत्तीत इतर कंपन्यांची ॲपेही एकाच रंगात दाखवण्याची सोय आली. तेव्हा ज्या ॲपने तसे चित्र दिलेले असेल, त्याचाच रंग बदलत असे.

आयफोनमध्ये निराळी युक्ती आहे. 'शॉर्टकट्स' नावाच्या ॲपमध्ये 'अमुक ॲप उघड' असा हुकूम तयार करायचा. त्या हुकुमाला हवा तो फोटो आणि हवे ते नाव देऊन तो पडद्यावर ठेवायचा. 2020 साली आयफोनची चौदावी प्रणाली आली, तेव्हा अनेकांनी अशा रीतीने आपले पडदे सजवले. 2024 साली अठराव्या प्रणालीत तर सगळ्या चित्रांना एकच रंग देण्याची सोय आयफोनमध्येच आली. पण ध्यानात घ्या. शॉर्टकट्सच्या युक्तीने मूळ ॲप बदलत नाही. घर तेच राहते. त्याच्याकडे जाणारी आणखी एक खूण आपण तयार करतो.

यातूनच सावध राहण्याची एक गोष्ट निघते. आपल्याला खूण बदलता येते, तशी ती ठगालाही बदलता येते. बँकेच्या चित्रासारखे हुबेहूब चित्र लावून तो खोटे ॲप बनवू शकतो. म्हणून केवळ चित्रावर विश्वास ठेवू नये. कोणी संदेशातून पाठवलेले ॲप फोनमध्ये घेऊ नये. ॲप नेहमी फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे आणि ते कोणी बनवले, ते नाव वाचावे. बँकेच्या आणि पैसे देण्याच्या ॲपचे चित्र सजावटीसाठी बदलू नये. चित्रे बदलून देणारे एखादे ॲप तुमचे संदेश किंवा नंबर वाचायची परवानगी मागत असेल, तर थांबा. रंग द्यायला आलेल्या माणसाला तिजोरीची किल्ली कशाला हवी? आणि फोनवरून पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर कळवावे.

त्या रात्री दादीने चाचांच्या फोटोवर बोट ठेवले. फोन लागला. "जेवलास का?" तिने विचारले. बोलणे झाल्यावर तिने मुलीला हाक मारली. फोटोखाली चाचांचे नाव उर्दूत लिहिलेले होते. त्यावर बोट ठेवून दादी म्हणाली, "बेटी, यातले पहिले अक्षर कोणते, ते मला सांग पाहू."

मुलीने पाटी आणि खडू आणला.

शब्दार्थ

खूण – निशाणी
बेत – मनात ठरवलेली गोष्ट
सार्वत्रिक – सगळीकडे होणारी
आलेखाची वही – चौकोन आखलेली वही
चकणे – फसणे, चुकणे
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे
हुबेहूब – अगदी तसेच
ठग – लोकांना फसवणारा माणूस

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मरजीनाने शेजारच्या दारांवर काय केले?
(आ) पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर चित्रे का लावली?
(इ) सुझन केअरला एका चित्रासाठी किती चौकोन मिळत?

प्र. 2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दादीने फोन कपाटात का ठेवला?
(आ) 'काढा' आणि 'अनइंस्टॉल करा' यांत काय फरक आहे?
(इ) केवळ चित्र पाहून ॲपवर विश्वास का ठेवू नये?

प्र. 3. कोण कोणास म्हणाले?
(अ) "मी गाडी बाजूला घेऊन थांबलो आहे."
(आ) "मी रंग ओळखते आणि जागा ओळखते."

प्र. 4. पडदा, हुबेहूब, तबियत, हुकूम, किल्ली यांपैकी कोणते शब्द तुम्ही घरी उर्दूतही वापरता? त्यांतील तीन शब्द घेऊन मराठीत वाक्ये लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारा, 'फोनवर तुम्हांला रोज काय लागते? ते तुम्ही कसे ओळखता?' ते सांगतील तशी पडद्याची मांडणी आधी वहीत चौकोन आखून काढा. त्यांना दाखवा. त्यांना पसंत पडली, तरच फोनमध्ये बदल करा.