बांधणी-यंत्राचे प्रवेशपत्र

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. अशा कारखान्यांत आता भट्ट्यांवर देखरेख करणाऱ्या संगणकांचेही खासगी जाळे असते. एका दिवसाच्या कामासाठी आलेल्या कारागिरास आपण फाटकाची कायमची किल्ली देणार नाही. बाहेरच्या संगणकास मात्र ती सर्रास दिली जाते.

आज्ञावलीची बांधणी, म्हणजे लिहिलेल्या सूचनांपासून चालण्याजोगा संच तयार करणे, हे काम पुष्कळदा दूरचा भाड्याचा संगणक आपोआप करतो. तो संच जाळ्यात पोचवावयाचा तर त्या संगणकास प्रवेश हवा. त्याच्यापाशी ठेवलेला कायमचा परवलीचा शब्द चोरीस गेला, की चोरास दार सदैव उघडे! म्हणून प्रत्येक कामाच्या आरंभी त्याने आपली ओळख पटवावी व त्यास काही मिनिटांत बाद होणारे, एकाच दारापुरते प्रवेशपत्र मिळावे. वाटेत सर्व मजकूर सांकेतिक लिपीत असावा आणि काम संपताच त्याचे नाव जाळ्यातून पुसले जावे.

तथापि प्रवेशपत्र वाहकाची ओळख सांगते, मालाची नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणी घुसखोरांनी बांधणीच्या यंत्रणेतच घातक सूचना मिसळल्या होत्या. रीतसर सहीचा तो संच, कंपनीच्याच अंदाजानुसार, १८,००० पर्यंत ग्राहकांनी स्वीकारला होता.