घरचा धंदा, बँकेचा भाग आणि उसाची नोंद



गेल्या अंकात आम्ही खोडव्यातील पाचट न जाळता सरीत कसे कुजवावे याविषयी लिहिले होते. या अंकात तुटाळी सांधण्याविषयी लिहायचे ठरले होते. पण मध्यंतरी एक प्रकार घडला आणि तो विषय पुढे ढकलावा लागला. आम्ही ऊस विकास विभागाची माणसे. बेणे, लागण, खते, पाणी हा आमचा प्रांत, धंदा-व्यापार नव्हे. तरीही लिहितो आहोत, कारण या प्रकारात चूक आमच्याच लेखणीची होती.

आपल्या कार्यक्षेत्रातील एक भगिनी सभासद आहेत. माहेराकडून मिळालेले तीस गुंठे रान त्यांच्या नावावर आहे आणि त्यात दरसाल ऊस असतो. गेली सात-आठ वर्षे त्या घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. पहिल्यांदा शेजारपाजार, मग बाजारचा दिवस, मग पुण्या-मुंबईच्या पावण्यांकडून मागणी. दरवेळी मिरची घेऊन कांडपाला दुसऱ्या गावी जायचे, नंबर लावून बसायचे. म्हणून स्वतःचे कांडप यंत्र घ्यावे असे त्यांच्या मनात आले. कर्ज मागायला गेल्या, तर तीन वर्षांच्या उत्पन्नाचा कागद मागितला गेला. चटणीचा कागद कुठला असणार? पण उसाचे बिल तर येतेच की! त्या गट ऑफिसला आल्या. आम्ही तिथेच होतो.

“साहेब, रान माझं, ऊस माझा, मग कागदावर मी कुठं हाय?”

आम्ही नोंदवही काढली. ऊस त्यांच्या यजमानांच्या नावावर, बिल यजमानांच्या खात्यावर, आणि नोंदीचे अक्षर आमचे. आठवले ते असे, की नोंदीला गेलो तेव्हा वहिनी बांधावर उभ्या होत्या. आम्ही विचारले, “मालक कुठं गेलेत?” त्यांनी सांगितले, “तालुक्याला गेल्यात,” आणि आम्ही मालकांचे नाव लिहून मोकळे झालो. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे विचारलेच नाही. यजमान भला माणूस, त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. आमच्याही नव्हते. पण मागील हंगामांची बिले आता बदलता येत नाहीत. नोंद दुरुस्त झाली ती पुढच्या उसाला. वहिनींचा मात्र एक उन्हाळा गेला. आणि चटणीच्या धंद्यात उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा गळीत हंगामच.

त्या दिवसापासून आम्हाला म्हसवडची गोष्ट सारखी आठवते आहे. ती थोडी सविस्तर सांगतो.

कृष्णाकाठच्या माणसाला माण तालुका म्हटले की मेंढरे, दुष्काळ आणि म्हसवडची सिद्धनाथाची यात्रा एवढेच ठाऊक. तिथे चेतना गाला या मुंबईत वाढलेल्या बाई जयप्रकाशांच्या चळवळीतून आल्या, विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून म्हसवडलाच राहिल्या. त्यांच्याकडे एक दिवस कांताबाई नावाच्या बाई आल्या. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करायचे, तिथेच संसार. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोजचे थोडे थोडे पैसे ठेवायला बँकेत खाते हवे होते. कर्ज नको, अनुदान नको. पण एवढ्या लहान रकमेसाठी खाते उघडायला बँक तयार होईना. त्यावरून आपणच बँक काढावी असे ठरले.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर झाला. कारण प्रवर्तक सभासद निरक्षर, अर्जावर अंगठे. चेतनाताई परत आल्या त्या रडतच. बायकांनीच त्यांना गप्प केले आणि शिकायला बसल्या. दिवसभर काम करून रात्री अक्षरे गिरवायची. पाचेक महिन्यांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा ताईंबरोबर पंधरा बायका गेल्या. त्यांनी साहेबांना सांगितले, की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, तो दोष आमचा नाही. पण आम्हाला मोजता येते. कुठल्याही मुद्दलाचे व्याज विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा आणि कोण आधी सांगते ते बघा. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण महिलांनी ग्रामीण महिलांसाठी चालविलेली देशातील पहिली बँक म्हणून तिची ओळख आहे.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण त्या व्याजाच्या पैजेपाशी थांबतात. आम्हाला तिच्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. या बायका बँकेत गिऱ्हाईक म्हणून गेल्या नाहीत, भागधारक म्हणून गेल्या. शेळ्या राखणारी, भाजी विकणारी, लोहारकाम करणारी बाई आपले पैसे भागभांडवलात घालते आणि त्या पैशातून दुसऱ्या बाईला शेळीसाठी, शिलाई मशिनसाठी कर्ज मिळते. शहरात याला गुंतवणूकदार म्हणतात. आपल्या भागात कारखाने उभे राहिले तेही असेच, शेतकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भाग घेऊन. एक सभासद, एक मत. भाग एक असो की पन्नास. फरक एवढाच की आपल्या सभासद यादीत बायकांची नावे शोधावी लागतात.

पुढे त्या बँकेला बायकांच्या अडचणी एकेक कळत गेल्या. पासबुक घरात सापडले की पैसे मागितले जातात, म्हणून पासबुक घरी न्यायला बायका कचरत. नंतर कार्ड आले, त्याला गुप्त आकडा आला. तेव्हा बायकाच म्हणाल्या, आकडा कोणी काढून घेईल, त्यापेक्षा आमच्या बोटाचा ठसाच घ्या. अंगठा म्हणून ज्याची हेटाळणी झाली होती, तोच कुलपाची किल्ली झाला! २००६ मध्ये तिथे गावच्या बायकांसाठी उद्योगाची शाळा निघाली. बाईला शाळेपर्यंत येता येत नाही हे पाहून शाळाच बसमध्ये घालून गावोगाव नेली. २००८ मध्ये स्वतःचे रेडिओ केंद्र निघाले. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांची छावणी चालविली. तीही एका बाईने वैरणीसाठी दागिने गहाण ठेवायला आणले त्यावरून. जानेवारी २०१८ मध्ये डाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सात सहअध्यक्ष होत्या, साऱ्या महिला, आणि त्यांत चेतनाताई एक. लहान धंदेवाल्या बायकांसाठी गुंतवणूक निधी काढण्याची घोषणा त्यांनी तिथे केली.

कोणी म्हणेल, ताई मुंबईच्या, शिकलेल्या, त्यांचे वेगळे. मग धाराशिव जिल्ह्यातील हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांचे पाहा. शाळा थोडी, घरची गरिबी. बांगड्या विकण्यापासून सुरुवात. त्यातून बचत गट, मग कोंबड्या, शेळ्या. एकामागून एक धंदे उभे केले. आणि मग हजारो बायकांना त्याच वाटेवर घातले. २०२१ सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. फार जुने पाहायचे तर मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या आठवा. आपल्या सातारा-सांगलीची किती माणसे गिरण्यांत होती आणि या बायकांच्या हातचे जेवली! त्या वाण्याकडून उधारीवर धान्य घेत आणि व्याजात बुडत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले.

आता थोडा अभ्यास. कारण व्याजाची पैज मारायची तर व्याज यावे लागते.

घरच्या धंद्यात पहिली चूक होते ती स्वतःच्या मजुरीची. आकडे समजुतीपुरते घेऊ. एका वेळच्या चटणीला मिरची, कांदा, लसूण, खोबरे, तेल, मसाला मिळून ४,००० रुपये गेले. चटणी निघाली १४ किलो, विकली ४०० रुपये किलोने, आले ५,६०० रुपये. बाई म्हणते १,६०० सुटले. पण कांडप ३००, पिशव्या १४०, गॅस १५०, गाडीभाडे २०० असे ७९० वजा झाले, राहिले ८१०. दोघी जणी दोन दिवस राबल्या, म्हणजे चार रोज. तीनशेने धरले तरी १,२०० रुपये. म्हणजे ३९० रुपये तोटा, तोही हसतमुखाने! दर ४४० केला तर सगळे जाऊन १७० रुपये उरतात. उसाचा एकरी खर्च मांडताना आपण घरच्या माणसांची मजुरी धरत नाही आणि मग “ऊस परवडतो” म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी चूक व्याजाची. “शेकडा तीन” ऐकायला हलके वाटते. ते महिन्याचे असते, वर्षाचे झाले छत्तीस. त्याहून फसवे म्हणजे सरळ व्याज. १०,००० रुपये वर्षाने, व्याज १२ टक्के, बारा हप्त्यांत ११,२०० फेडायचे. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जाते. वर्षभरात सरासरी साडेपाच हजारांच्या आतच रक्कम आपल्याकडे राहिली आणि व्याज दिले पूर्ण दहा हजारांचे. खरा दर जवळजवळ २२ टक्के पडतो. म्हणून विचारायचे ते एवढेच: व्याज घटत्या रकमेवर आहे का?

हाती चार पैसे राहू लागले की ते ठेवायचे कुठे, हा तिसरा धडा. भाग आणि ठेव यांत फरक आहे. बँकेचा भाग घेतला की आपण मालक. लाभांश मिळाला तर मिळाला, आणि सहकार कायद्याने तो १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. तोटा झाला तर भागाची हमी कोणी देत नाही. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक असली तरी, २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. सांगली-साताऱ्यातील सभासदांना याहून जास्त सांगायला नको. ज्यांचे अडकले त्यांना विचारा. दुसऱ्या बाईच्या धंद्यात पैसे घालायचे असतील तर बचत गटामार्फत घाला, नाहीतर भागीदारीचा कागद करा. सुटे पैसे व्याजाने लावण्याचा धंदा मात्र नको. त्याला २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो.

आणि शिकविण्याचे म्हणाल तर आपल्याला ते नवे नाही. मूलभूत बेण्यातून पायाभूत, पायाभूतातून प्रमाणित, आणि मग ते शिवारभर. पाडेगावच्या केंद्राने १९९६ मध्ये दिलेला को ८६०३२ असाच एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात गेला. एकीने हिशेबाची वही घालायला शिकून दोघींना शिकविली तरी पुरे. फक्त बेणे निरोगी पाहिजे. जिच्या वहीत स्वतःची मजुरीच नाही, तिने दुसरीला शिकवू नये.

या सगळ्याच्या मुळाशी पुन्हा तेच येते, कागदावरचे नाव. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, घरच्या लक्ष्मीच्या नावे थोडे तरी रान करून द्या म्हणून. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. एवढे होऊन रान बाईच्या नावावर आले आणि नोंद घेणाऱ्याने बांधावर उभे राहून दुसरेच नाव लिहिले, तर उपयोग काय? ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल द्यायचे ते ज्याच्या नावाची नोंद त्याला. तीन हंगामांची बिले खात्यावर जमा झालेली दिसली की तो बाईचा उत्पन्नाचा कागद होतो. तो कोणाकडून मागून मिळत नाही, दरसाल साठवावा लागतो.

तेव्हा येत्या नोंदीच्या वेळी ज्यांच्या नावावर रान आहे अशा भगिनींनी सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि स्वतःच्या खात्याचे पासबुक घेऊन गट ऑफिसला यावे. खाते नवऱ्याबरोबर जोडीचे असेल तर एक स्वतंत्र उघडून यावे. जुनी नोंद दुसऱ्याच्या नावावर असेल तर अर्ज करावा, अर्ज आम्ही लिहून देऊ. आमच्या विभागातील सर्व मंडळींना आम्ही सांगितले आहे की बांधावर गेल्यावर “मालक कुठं आहेत” असे विचारू नये. “रान कोणाच्या नावावर आहे” असे विचारावे. कोणी चुकल्यास आम्हाला जरूर कळवावे.

त्या वहिनींनी यंदा भाड्याच्या कांडपावरच काम केले. पण वही घातली आहे आणि गल्लीतील दोघींना घालायला लावली आहे. परवा ती वही तपासायला आमच्याकडे घेऊन आल्या. आम्ही एक बेरीज चुकली म्हणून सांगितले. त्यांनी पुन्हा केली, ती बरोबर होती. चूक आमची निघाली.

तुटाळी सांधण्याचा लेख पुढील अंकात देत आहोत.